कूलर सुरू करण्याआधी टाकी धुवा: श्वासावाटे शिरणारा पाण्यातला जंतू

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. हिंगणघाट असो, पुलगाव असो की आर्वी, कूलरशिवाय दुपार निघत नाही. पण गेल्या वर्षीचं साचलेलं पाणी आणि शेवाळ तसंच ठेवून आपण कूलर सुरू करतो, तिथे काळजी घ्यायला हवी.

लेजिओनेला नावाचा जंतू पाण्यात राहतो. 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात, गाळात आणि बुळबुळीत थरात तो वाढतो. 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं. त्यानंतर 200 हून अधिक लोक न्यूमोनियाने आजारी पडले, 34 जण दगावले. कारण असलेला हा जंतू 1977 मध्ये सापडला.

हा जंतू पाण्याच्या बारीक तुषारांतून थेट फुफ्फुसात जातो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहसा लागत नाही. मोठ्या इमारतींचे कूलिंग टॉवर, शॉवर, कारंजी यांतून धोका जास्त असतो. घरच्या कूलरमधून मुख्यतः वाफच येते, म्हणून धोका कमी. पण घाण टाकीतून तुषार उडत असतील तर तो वाढतो. शिवाय त्याच पाण्यात डेंग्यूचे डासही होतात.

मग काय करायचं?

- आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, कोरडी करा. जुनं गवत बदला.
- बरेच दिवस बंद असलेला नळ किंवा शॉवर आधी काही मिनिटं वाहू द्या. उमराहला जाणाऱ्यांनी हॉटेलातही हे करावं.
- मशिदीची टाकी झाकलेली असावी. हौद आणि वजूखान्याचे नळ वेळोवेळी साफ व्हावेत.
- नेब्युलायझरमध्ये नळाचं पाणी घालू नका.

पन्नाशी उलटलेले बुजुर्ग, बिडी-सिगारेट ओढणारे, शुगर किंवा दम्याचे रुग्ण यांनी जास्त जपावं. लक्षणं साधारण 2 ते 10 दिवसांत दिसतात: जोराचा ताप, खोकला, धाप, कधी जुलाब, कधी बोलण्यात गोंधळ. अशा वेळी मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस काढू नका. पेनिसिलिनसारखी नेहमीची औषधं या जंतूवर चालत नाहीत. योग्य औषध डॉक्टरच ठरवतील. लघवीच्या तपासणीतूनही निदान होऊ शकतं. धाप लागली तर वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठा.

वजूचं पाणी पाक आहे का, हे आपण रोज पाहतो. अम्मी-अब्बूंच्या खाटेजवळच्या कूलरचं पाणीही तसंच पाहू या.