नखाएवढा छिलका

‘घासून गुळगुळीत केलेली हत्यारं म्हणजे नवाश्मयुग, आणि नवाश्मयुगात शेती सुरू झाली, असं मुलीच्या पुस्तकात आहे. मग शेती न करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींकडे तशा कुऱ्हाडी कशा?’ असं एका वाचकाने विचारलं आहे.

उत्तर जेमतेम ११ मिलिमीटरच्या एका दगडी छिलक्यात आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात, बुनुबा लोकांच्या भूमीत, कार्पेंटर्स गॅप नावाचा शैलाश्रय आहे. १९९०च्या दशकात स्यू ओ’कॉनर यांनी तिथे उत्खनन केलं. तेव्हा निघालेला हा छिलका बरीच वर्षं इतर दगडांत पडून होता. पुढे पीटर हिस्कॉक आणि सहकाऱ्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर घासलेल्या दोन बाजू धारेशी येऊन मिळालेल्या! २०१६ साली त्यांनी जाहीर केलं : हा कुऱ्हाडीच्या पात्याचा तुकडा, वय ४४ ते ४९ हजार वर्षं. जगात कुठेही शेती सुरू होण्याच्या तीस हजारांहून अधिक वर्षं आधीचा.

हा दगड बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. चकमकीचा दगड ठोकला की काचेसारखा फुटतो, वस्तऱ्यासारखी धार देतो. पण लाकडावर घाव घातले की ती धार झडते. बेसॉल्ट चिवट. त्याचे स्फटिक एकमेकांत गुंतलेले, म्हणून तो घाव पचवतो. मात्र नुसत्या ठोकलेल्या पात्यावर कंगोरे राहतात आणि तडा तिथूनच जातो. ते कंगोरे वालुकाश्मावर चिकाटीने घासून घालवायचे. धार बोथट झाली की पुन्हा घासायची. या कामाला शेती कशाला हवी? तोडायला झाड असलं की पुरे.

१८६५ साली जॉन लबक यांनी पुराश्म आणि नवाश्म ही नावं दिली, ती युरोपातल्या वस्तू समोर ठेवून. तिथला क्रम साऱ्या जगाची शिडी ठरला आणि ऑस्ट्रेलियातली माणसं तळच्या पायरीवर बसवली गेली. हा अन्याय मला आजही बोचतो.

त्यावरचा उतारा म्हणून इझाबेल मॅकब्राइड यांचं काम वाचावं. त्यांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. व्हिक्टोरियातल्या माउंट विल्यम इथे वुरुंडजेरी लोकांची हिरवट दगडाची खाण होती. एकोणिसाव्या शतकात बिलिबेलरी तिचा राखणदार होता. दगड हवा तर त्याच्याकडे निरोप धाडायचा. पॉसमच्या कातड्यांच्या एका पांघरुणाला दगडाचे तीन तुकडे, असा भाव. मॅकब्राइड यांनी कुऱ्हाडींच्या दगडाचे पातळ काप तपासून माग काढला. या खाणीच्या कुऱ्हाडी शेकडो किलोमीटर दूर पोहोचल्या होत्या, पण पूर्वेच्या गिप्सलँडमध्ये जवळजवळ नव्हत्या. तिथल्या कुर्नाई लोकांशी वैर होतं. कुऱ्हाड अंतर पाहून जात नव्हती, सोयरीक पाहून जात होती.

तेव्हा मुलीला सांगा, परीक्षेत पुस्तकातलंच उत्तर लिही. पण त्या ओळीपुढे पेन्सिलीने दोन शब्द टाकून ठेव : ‘सगळीकडे नाही’.