वाटेचा जमाखर्च

दुधाचा, किराण्याचा, विजेचा हिशेब लिहून ठेवण्याची चाल आपल्या घरांतून जुनी आहे. परंतु घरची माणसे दिवसाकाठी वाहनावरून किती किलोमीटर धावतात, याची नोंद बहुधा कोणी ठेवीत नाही. नव्या वसाहतींचे व नव्या रस्त्यांचे खरे मोल मात्र याच आकड्यावरून कळावयाचे असते.

सोलापूर हे मूळचे पायी चालणाऱ्यांचे शहर. 1877 साली जुनी मिल निघाली, तिच्या मागोमाग दुसऱ्या गिरण्या आल्या, आणि कामगारांच्या चाळी भोंग्याच्या टप्प्यात वसल्या. पूर्व भागातील विणकराच्या घरी तर माग आणि चूल पुष्कळदा एकाच छपराखाली. कामावर जाण्याचा खर्च म्हणजे वहाणांची झीज, एवढाच!

आता अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी पाहा. तेथे विडी कामगार, यंत्रमाग कामगार आदींसाठी रे नगर ही 30,000 घरांची वसाहत योजिली असून, त्यांपैकी 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये कामगारांच्या स्वाधीन झाली. भाड्याच्या अंधाऱ्या खोलीतून स्वतःच्या घरात जाणे हे केवढे सुख, हे भाडेकरूस सांगावयास नको. परंतु विडीवाली बाई विड्या घरी वळीत असली, तरी पान-तंबाखू आणावयास व वळलेला माल मोजून द्यावयास तिला कारखान्याच्या शाखेत जावेच लागते. ती शाखा शहरात राहिली तर? अंतर दहा किलोमीटर धरू. प्रत्येक घरातून रोज एकच माणूस स्वतंत्र वाहनाने जाऊन आले असे मानले, तरी 30,000 घरांची मिळून 6 लाख किलोमीटर धाव होते. चाळीस उतारू भरलेल्या मोटारबसने हीच माणसे नेली, तर 15,000 किलोमीटर पुरतात. आणि शाखाच वसाहतीत आली, तर तेवढेही नकोत. हा केवळ पाटीवरचा हिशेब आहे. पण तो पाया खणण्यापूर्वी मांडावयाचा असतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानाने 2013 साली कायदा करून याच मापाकडे वळण घेतले. नव्या बांधकामामुळे चौकात गाड्या किती खोळंबतील, एवढेच पूर्वी तेथे पाहत. 1 जुलै 2020 पासून वाहनांची एकूण धाव किती वाढेल, हे पाहावे लागते. खोळंबा मोजणाऱ्यास रस्ता रुंद करण्यावाचून दुसरे सुचत नाही. धाव मोजू लागले, की बस, जवळची शाळा, जवळचा दवाखाना आठवतो.

रस्ता रुंद केला की गर्दी हटते, हा समजही जरा भाबडाच. ड्युरँटन व टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 साली अमेरिकन शहरांविषयी असे दाखवून दिले की, महामार्गाच्या मार्गिका जितक्या पटीने वाढतात, जवळजवळ तितक्याच पटीने गाड्यांची धाव वाढते. दूर कशाला जा? पुण्याचा रस्ता चौपदरी झाल्यावर "सकाळी निघून रात्री परत येऊ" म्हणणारी मंडळी आपल्याच घरात नाहीत काय? तेच काम एके काळी रात्रीच्या आगगाडीने, नाहीतर पोस्टकार्डावर भागत असे.

जुळे सोलापुरात किंवा होटगी रस्त्याला जागा पाहावयास गेले, म्हणजे वडीलधारी मंडळी पाण्याची चौकशी करतात, सातबारा पाहतात. दुधाच्या पिशवीसाठी गाडी काढावी लागेल काय, हे गृहिणीने तेथेच विचारून घ्यावे. आणि शहरातून शेवटची बस किती वाजता सुटते, तेही.