पुण्यात छापलेली हग्गादा, जेरुसलेममधलं दालन

जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसवली. नाव बायबलमधलं, मूळचं हिब्रू. पनवेल आणि रेवदंडा इथल्या सिनेगॉगांचं, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरांचं, नावही बेथ एल. हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण शेषाद्री मुंबईत ज्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, त्याच मिशनच्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं होतं, आणि मुंबई-कोकणातल्या मिशन शाळांत बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू समाजाची, मुलं शिकत होती. तेव्हा मराठी ज्यूंचा माग काढायला जुन्या जालन्यातून निघालेला माणूस अगदीच परक्या वाटेवर नसतो.

ही वाट दोन टोकांना जाते. एक टोक कोकणात, दुसरं जेरुसलेमला. १९४८ नंतर बेने इस्रायल समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला आणि दिमोना, अश्दोद, बीरशेबा अशा गावांत स्थिरावला. तिथे त्यांचं स्वागत सरळ झालं नाही. यांच्याशी लग्नं लावावीत की नाही, असा प्रश्न तिथल्या धर्मपीठानं उभा केला, आणि १९६४ पर्यंत त्यांना त्यासाठी झगडावं लागलं. त्याच देशातलं सर्वांत मोठं संग्रहालय, जेरुसलेमचं इस्रायल म्युझियम, १९६५ मध्ये उघडलं.

त्याच्या ज्यू कला आणि जीवन विभागात चार सिनेगॉगांचे अंतर्भाग आणून पुन्हा उभे केले आहेत: इटलीतलं, जर्मनीतलं, सुरिनामचं आणि आपल्या कोचीचं कडवुंभागम. कोचीच्या लाकडी कोरीवकामाजवळ भारतीय माणूस रेंगाळणारच. कोकणातलं सिनेगॉग मात्र तिथे नाही. मला ते बरंच वाटतं. कोचीचे ज्यू जवळजवळ सगळे निघून गेले, मागे वास्तू उरल्या आणि त्यांतल्या एकीचा अंतर्भाग संग्रहालयात गेला. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग इथे अजून प्रार्थना होते. बेने इस्रायल, कोची आणि बगदादी या भारतातल्या तिन्ही ज्यू समाजांवर म्युझियमनं १९९५ मध्ये मोठं प्रदर्शन आणि ग्रंथ केला.

पण मराठी ज्यू कलेचा एकच नमुना दाखवा म्हटलं, तर मी कोरीवकाम सोडून एका पुस्तकाकडे बोट दाखवीन. पेसाहच्या, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाच्या रात्री घरी जेवणाभोवती वाचायची पोथी ती हग्गादा. मराठी भाषांतरासह ती मुंबईत १८४६ मध्येच निघाली होती. १८७४ ची पुण्याची आवृत्ती मात्र सचित्र आहे. मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनिएल तळकर यांनी ती तयार केली आणि विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापली. अग्निहोत्र्यांच्या छापखान्यात पेसाहची पोथी! पुण्यात तेव्हा कुणाला त्याचं नवल वाटलं असेल असं मला वाटत नाही. चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. युरोपातल्या हग्गादांत चित्रकार आपापल्या गावचे कपडे चढवत, तसं पुण्याच्या शिळाछापानं आपलं स्वयंपाकघर त्या सणाला दिलं. जगातल्या मोठ्या ज्यू संग्रहांत तिच्या प्रती जपल्या आहेत.

इस्रायलला गेलेल्यांची नातवंडं आता उलट कोकणात येतात. त्यांच्याकडे पत्ता असतो तो आडनावात: पेणकर, रोहेकर, झिराडकर, दिवेकर. पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, ही परंपरागत कथा ते सांगतात. तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. नवस फेडताना एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं मलिद्याचं ताट भरतं: गोड पोहे, खोबरं, फळं.

जालन्याहून हे सारं पाहायचं तर सोय झाली आहे. २०२३ च्या डिसेंबरअखेर सुरू झालेली वंदे भारत मुंबईला नेते, पुढे भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून मांडव्याची बोट. जाण्याआधी सिनेगॉगच्या व्यवस्थापकांना कळवावं, ओळखपत्र जवळ ठेवावं. २००८ मध्ये मुंबईत छाबड हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून सिनेगॉगांत अनोळखी माणसाची चौकशी होते, आणि त्यात राग मानण्यासारखं काही नाही. शनिवारी जाणार असाल तर कॅमेरा घरीच ठेवा.