यू-टू : डब्लिनच्या चौघांचे संगीत

रॉक संगीतात कीर्तीबरोबर फाटाफूट येते, हा जवळजवळ नियमच असताना बोनो, द एज, अ‍ॅडम क्लेटन आणि लॅरी म्युलन या चौघांनी १९७८पासून चार दशकांहून अधिक काळ वादक न बदलता ‘यू-टू’ हा बँड चालवला, ही गोष्ट त्यांच्या विक्रीच्या आकड्यांपेक्षा अधिक विचार करण्याजोगी आहे. डब्लिनमधील माउंट टेंपल शाळेच्या सूचनाफलकावर म्युलनने १९७६मध्ये वादक हवेत अशी चिठ्ठी लावली आणि त्यातून हा बँड उभा राहिला. कॅथलिक व प्रोटेस्टंट या पंथभेदाने शाळाही विभागलेल्या देशात माउंट टेंपलचे दरवाजे सर्वांना खुले होते. बोनोचे वडील कॅथलिक व आई प्रोटेस्टंट असल्याने हा भेद त्याच्या घरातलाच होता, आणि पुढे बँडच्या राजकीय गीतांना जो संयम लाभला त्याचे मूळ इथेच शोधावे लागते.

या संयमाची कसोटी १९८३च्या ‘वॉर’ या अल्बममध्ये लागली. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला आणि त्यात त्याच दिवशी तेरा जणांचा मृत्यू झाला. या घटनेचे नाव घेतलेले ‘संडे ब्लडी संडे’ हे गीत मात्र सूडाची हाक देत नाही, तर हिंसेच्या साखळीलाच नकार देते, म्हणूनच ते गाताना बोनो रंगमंचावर पांढरे निशाण घेऊन उभा राहत असे.

बँडचा खरा शोध मात्र द एज, म्हणजेच डेव्हिड एव्हान्स, याच्या गिटारमध्ये आहे. त्या काळातील रॉक गिटारवादक वेगवान, लांबलचक एकल वादनातून आपले प्रभुत्व दाखवत असताना त्याने मोजकेच सूर निवडले आणि ते ‘डिले’ या उपकरणातून सोडले. हे उपकरण वाजलेला सूर सेकंदाच्या काही अंशाने पुन्हा ऐकवते. हे अंतर गीताच्या लयीशी जुळवले, की मूळ सूर आणि त्याचे प्रतिध्वनी एकमेकांत गुंफले जाऊन एकाच गिटारमधून अनेक वादकांचा भास निर्माण होतो. त्यात मोकळी तार सतत वाजती ठेवण्याची त्याची सवय मिसळली, की तंबोऱ्यासारखा एक अखंड नाद तयार होतो आणि बोनोच्या चढ्या आवाजाला आधार मिळतो.

ब्रायन ईनो आणि डॅनियल लान्वा या निर्मात्यांच्या सहवासात ही शैली ‘द अनफर्गेटेबल फायर’ (१९८४) व ‘द जोशुआ ट्री’ (१९८७) या अल्बममध्ये पूर्णत्वाला गेली. दुसऱ्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, बँड जगभर पोहोचला आणि त्याच वेळी पुनरुक्तीचा धोकाही जवळ आला. तो टाळण्यासाठी चौघे बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेले. तिथे मतभेद इतके तीव्र झाले, की बँड मोडण्याची वेळ आली, पण एका स्वरावलीवर काम करताना ‘वन’ हे गीत आकाराला आले आणि वाट सापडली. यंत्रांची खरखर व नृत्यसंगीताचे ठेके सामावणारा ‘आख्टुंग बेबी’ (१९९१) हे त्यांचे सर्वांत धाडसी काम आहे, कारण लोकांना प्रिय झालेली स्वतःची शैली त्यांनी यशाच्या शिखरावर असताना बाजूला ठेवली. पुढच्या अल्बममध्ये हे धाडस सर्वत्र टिकले असे म्हणता येत नाही. २०१४चा ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ आयट्यून्सच्या ग्राहकांच्या खात्यांत न मागता जमा झाला, तेव्हा त्यातील गीतांपेक्षा त्या वितरणाचीच चर्चा अधिक झाली.

सार्वजनिक जीवनातील त्यांची भूमिका मात्र मोलाची ठरली. उत्तर आयर्लंडमधील शांतता करारावर १९९८च्या मे महिन्यात सार्वमत होण्याच्या काही दिवस आधी बेलफास्टमधील कार्यक्रमात बोनोने जॉन ह्यूम आणि डेव्हिड ट्रिंबल या परस्परविरोधी पक्षांच्या नेत्यांचे हात एकत्र उंचावले. करार बहुमताने संमत झाला आणि त्या दोघांना त्याच वर्षी शांततेचे नोबेल मिळाले.

‘द जोशुआ ट्री’च्या स्मरणार्थ काढलेल्या दौऱ्याचा शेवट १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. भारतातील हा त्यांचा पहिलाच कार्यक्रम होता, आणि ज्यांच्यासोबत त्यांनी ‘अहिंसा’ हे गीत रचले होते ते ए. आर. रहमान त्यात सहभागी झाले. या बँडची ओळख नव्याने करून घेणाऱ्या वाचकाने आधी ‘द जोशुआ ट्री’ आणि लगेच ‘आख्टुंग बेबी’ असे दोन्ही अल्बम सलग ऐकावेत.