जड दप्तरामागे विस्कटलेले वेळापत्रक

नवी दिल्ली : सरोजिनी नगर म्हटले की दिल्लीबाहेरच्या वाचकाला स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. प्रत्यक्षात हा भाग केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत म्हणून वसला. बदली होऊन अशा वसाहतीत येणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलांना नवी शाळा, नवी भाषा आणि बेताचे घर या तिन्हींशी एकाच वेळी जुळवून घ्यावे लागते. या काळात मूल मागे पडले, तर त्याचे कारण बुद्धीत शोधण्याआधी त्याचे दप्तर उघडून पाहणे श्रेयस्कर.

उद्या नेमके काय लागणार, हे ज्याला ठाऊक नसते, तो विद्यार्थी सगळीच पुस्तके बरोबर नेतो. केंद्राच्या ‘शालेय दप्तर धोरण २०२०’नुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, म्हणजे ३० किलो वजनाच्या मुलासाठी ३ किलो. कोणत्या दिवशी कोणती पुस्तके आणायची, हे शिक्षकांनी आधी सांगावे, अशी सूचना दिल्लीच्या शिक्षण संचालनालयानेही शाळांना दिली होती. मात्र ती माहिती घरापर्यंत पोहोचली, तरच तिचा उपयोग. त्यासाठी वेळापत्रकाची प्रत दप्तराच्या जागेजवळ भिंतीवर लावावी आणि दप्तर रात्रीच भरावे. सकाळच्या घाईत भरलेल्या दप्तरात कंपासपेटी हमखास राहते. रोजनिशीत गृहपाठासोबत तो द्यायची तारीखही लिहावी.

प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्येच दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक असल्याचे नमूद केले होते. बदलीच्या मुलांना ते विशेष जाणवते. मराठी शाळेत ‘लसावि’ सहज काढणारा विद्यार्थी ‘लघुत्तम समापवर्त्य’ किंवा ‘एलसीएम’ ऐकून गोंधळतो. गणित येत असते, नाव अनोळखी असते. अशा संज्ञा मराठी, हिंदी व इंग्रजीत शेजारी शेजारी लिहिण्यासाठी एक स्वतंत्र वही ठेवल्यास पहिल्या काही महिन्यांत तिचा शिकवणीहून अधिक उपयोग होऊ शकतो. जुन्या व नव्या पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिकाही ताडून पाहाव्यात. कोणता धडा राहून गेला आहे, ते त्यातून कळते.

लहान घरात अभ्यासाची वेगळी खोली मिळणे कठीण. तिथे जागेपेक्षा वेळ ठरवणे शक्य असते : त्या वेळेत दूरदर्शन संच बंद आणि घरातील मोठ्यांचे भ्रमणध्वनीही बाजूला. ही अट मोठ्यांनाच अधिक जड जाते.

किती वेळ बसावे, याबाबत पालकांचा आग्रह अनेकदा अवाजवी असतो. उपरोक्त धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही. तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला कमाल २ तास, सहावी ते आठवीसाठी दिवसाला १ तास आणि नववीपासून पुढे दिवसाला २ तास अशी मर्यादा आहे. स्वयंअध्ययन त्याहून वेगळे. पण तेही तासांवर मोजता येत नाही. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभरानंतरही अधिक लक्षात राहिल्याचे आढळले. त्यामुळे ‘किती वाचलेस?’ असे विचारण्याऐवजी पुस्तक मिटवून आज वर्गात काय झाले, ते मुलाला मराठीतच सांगू द्यावे. जिथे तो अडखळेल, तेवढाच भाग पुन्हा वाचायला घ्यावा.