गोधडीची टपालाने रवानगी
जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून बारीक धावदोऱ्याने शिवलेली गोधडी परगावी धाडावयाची झाल्यास, तिचा खरा शत्रू प्रवासातील आदळआपट नसून त्या थरांत दडून राहिलेला ओलावा होय, हे ध्यानी घेऊन ती उन्हात कडकडीत वाळवावी, पुरती निवू द्यावी, स्वच्छ सुती कापडात गुंडाळावी आणि मगच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खोक्यात ठेवावी. वर्तमानपत्राची शाई कापडास लागते. सबब ते वर्ज्य. खोके उघडणाराची सुरी बहुधा पहिल्याच घडीत शिरते (आनंदाच्या घाईत सावधपणा कोठला!), म्हणून वर जाड पुठ्ठा ठेवावा. पत्त्याची एक चिठ्ठी आतही असावी. विम्याच्या हशिलात काटकसर करू नये, आणि पार्सल पोहोचल्याची खबर येईपर्यंत टपालाची पावती जपावी.