शायनिंगच्या बुटांवरचे डाग : काय निघतं, काय निघत नाही आणि गिऱ्हाइकाला आधी काय सांगायचं



कमी भांडवलात सुरू होणाऱ्या व्यवसायांमध्ये बूट-चप्पल स्वच्छ करून देणं हा एक चांगला पर्याय आहे. आजच्या व्हिडिओत आपण पेटंट लेदरचे, म्हणजे दुकानात ज्यांना ‘शायनिंगचे बूट’ म्हणतात त्यांचे, डाग काढून पाहिले. व्हिडिओत हात दिसतो, त्यामागचं कारण दिसत नाही. ते कारण आणि त्यातलं धंद्याचं गणित इथं मांडतो.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. या कामात पैसे डाग काढण्याचे मिळतात, पण धंदा टिकतो तो डाग ओळखण्यावर.

कोल्हापुरी एक टोक, पेटंट दुसरं टोक

आपल्या कोल्हापुरात चामडं कुणाला नवं नाही. सुभाषनगर, जवाहरनगरात चपला बनतात आणि चप्पल लाइनला विकल्या जातात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळं आपल्याला वाटतं, चामडं म्हणजे चामडं, त्याला काय वेगळं करायचं? इथंच गडबड होते.

कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या अर्कात कमावलेलं असतं. त्याची छिद्रं उघडी असतात, त्यामुळं ते तेल पितं, पाणी पितं आणि डागही पितं.

पेटंट लेदरचं बरोबर उलट आहे. त्याच्यावर चकचकीत थर चढवलेला असतो. अमेरिकेत नेवार्क शहरात सेथ बॉयडन यांनी १८१९ च्या सुमारास या चामड्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा हा थर जवसाच्या तेलाच्या वार्निशचा असायचा. आज तो बहुतेक वेळा पॉलियुरेथेन म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचा असतो. बाजारातल्या स्वस्त बुटांत तर खाली चामडं नसून रेक्झिनच असतं.

म्हणजे पेटंटचा बूट साफ करताना तुमचा हात चामड्याला लागतच नाही, तो वरच्या थराला लागतो. म्हणूनच नेहमीचं मेणाचं पॉलिश इथं उपयोगाचं नाही. ते आत मुरत नाही, वर धुरकट साय धरून बसतं. आणि पेटंटला चालणारं स्पिरिट कोल्हापुरीवर लावलंत, तर तिचा रंग आणि तेल उडून पांढरट चट्टा पडेल. एकाचं औषध दुसऱ्याला विष, असा हा प्रकार आहे.

आधी ओळखा : पाच प्रकारचे डाग

बूट उजेडात तिरका धरा आणि खुणेवरून बोटाचं टोक अलगद फिरवा.

१. काळी रेघ, पण बोटाला काही लागत नाही. दुसऱ्या बुटाचा रबरी तळ घासून रबर वर चिकटलेलं असतं. हे निघतं.

२. धुरकटपणा, बोटांचे ठसे, वाळलेलं पाणी. हेही निघतं.

३. बारीक चरे, बोटाला जेमतेम जाणवणारे. हे जात नाहीत, पण कमी दिसतील असं करता येतं.

४. खोल चिरा, भेग, सुटलेला पापुद्रा. थरच तुटलाय, तो पुन्हा जोडता येत नाही.

५. आत उतरलेला रंग. पांढरा किंवा फिका बूट काळ्या बुटाला, जीन्सला किंवा वर्तमानपत्राला चिकटून राहिला की रंग थराच्या आत शिरतो. तो बाहेर काढता येत नाही. पांढऱ्या बुटाला आलेला पिवळेपणाही असाच, तो परत पांढरा होत नाही.

काम करण्याचा क्रम

नियम साधा आहे : सगळ्यात सौम्य उपाय आधी, कडक उपाय शेवटी. डाग निघाला की तिथंच थांबा.

पहिली पायरी : मऊ ब्रशनं किंवा कोरड्या मायक्रोफायबर फडक्यानं धूळ काढा. धुळीसकट घासलं तर तीच धूळ कानसपट्टीसारखं काम करते आणि नवे चरे पडतात.

दुसरी पायरी : वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. त्यात फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पुसा. मग साध्या ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडं करा. बरेच ‘डाग’ इथंच संपतात.

तिसरी पायरी : काळी रेघ राहिली असेल तर मऊ पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा. रंगीत खोडरबर नको, त्याचाच रंग लागतो.

चौथी पायरी : तरीही रेघ असेल तर थोडंसं व्हॅसलीन फडक्यावर घेऊन गोल-गोल चोळा आणि पूर्ण पुसून टाका. वर राहिलं तर धूळ चिकटेल. बारीक चरेही यानं कमी उठून दिसतात, पण हा तात्पुरता उपाय आहे, हे गिऱ्हाइकाला सांगा.

पाचवी आणि शेवटची पायरी : मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल. इअरबडचं टोक जेमतेम ओलं करायचं, फक्त रेघेवर फिरवायचं आणि लगेच पुसायचं. त्याआधी टाचेच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला एक ठिपका लावून पाहा. चमक उतरली किंवा इअरबडला बुटाचाच रंग आला, तर ही पायरी त्या बुटासाठी बंद.

हे अजिबात नको

नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे ॲसिटोन, आणि थिनर. दोन्ही थरच विरघळवतात. टूथपेस्ट नको, तिच्यात घासणारी पूड असते. हेअर ड्रायर नको आणि उन्हात वाळवणंही नको, उष्णतेनं थर मऊ होऊन चिकट होतो. साफ केलेला जोड वर्तमानपत्रात गुंडाळून देऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. पांढऱ्या सुती पिशवीत, दोन बूट एकमेकांना टेकणार नाहीत असे द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे नक्कीच सांगा, कारण ओल धरून बसली की थर चिकट होतो आणि पुढं पापुद्रे सुटतात.

आता धंद्याचं गणित

समजा, एका जोडाला २० मिनिटं लागतात आणि तुमच्या तासाची किंमत तुम्ही ₹१५० धरली. म्हणजे मजुरी ₹५०. सामान ₹१०, जागा-विजेचा वाटा ₹१५. खर्च झाला ₹७५. तुम्ही ₹१२० घेतले, तर हातात राहिले ₹४५.

आता समजा, उद्या हळद आणि आज एक जण नवरदेवाचे ₹२,००० चे बूट घेऊन आला. तुम्ही घाईत चाचणी न करता स्पिरिट फिरवलं आणि चमक गेली. बुटाची भरपाई ₹२,०००. म्हणजे जवळपास ४५ जोडांचा नफा एका इअरबडनं पुसला! आणि लग्नघरात तुमचं नाव निघेल ते वेगळंच. लग्नाच्या मांडवात झालेली बदनामी पेठेत पोचायला वेळ लागत नाही.

म्हणून पावतीवर तीनच रकाने ठेवा : ‘जाईल’, ‘कमी होईल’, ‘जाणार नाही’. जोड घेतानाच गिऱ्हाइकासमोर प्रत्येक खूण यातल्या एका रकान्यात लिहा, मोबाइलवर फोटो काढा आणि सही घ्या. ‘दादा, ही काळी रेघ जाईल. हा चरा कमी दिसेल. टाचेची भेग मात्र तशीच राहणार, तिचे पैसे मी घेणार नाही.’ एवढं स्पष्ट बोललात की निम्मी भांडणं होतच नाहीत.

काही जण म्हणतील, ‘सर, नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाईल की!’ एखादं जाईलही. पण ज्याला तुम्ही खरं सांगितलं, तो पुढच्या वेळी महागडा जोड घेऊन तुमच्याकडंच येईल. ‘सगळं करून देतो’ म्हणणारे खूप असतात, ‘एवढंच होईल’ म्हणणारा लक्षात राहतो.

सुरुवात करताना

व्यवसायाची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. तुम्ही पारंपरिक चर्मकार व्यवसायातले असाल तर पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत पादत्राणं बनवणारे कारागीर येतात आणि अवजारांसाठी ₹१५,००० पर्यंत मदतीची तरतूद आहे.

या आठवड्याचं काम

घरातले, शेजारचे मिळून पाच जुने शायनिंगचे बूट जमवा. हात लावण्याआधी प्रत्येक खुणेपुढं तीन रकान्यांपैकी एक लिहा. मग काम करा आणि तुमचा अंदाज किती वेळा बरोबर आला ते मोजा. दहापैकी नऊ अंदाज बरोबर यायला लागले, की पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक घ्यायला तुम्ही तयार झालात असं समजा.

चला, कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!